रिचर्ड चेंबरलेन : लांब पल्ल्याचा नट

रिचर्ड चेंबरलेन २९ मार्च २०२५ रोजी हवाई बेटांवर वारले, तेव्हा वयाची ९१ वर्षे पूर्ण व्हायला त्यांना फक्त दोन दिवस कमी होते. त्यांच्यावर लिहिल्या गेलेल्या मृत्युलेखांत 'मिनीसिरीजचा राजा' हे बिरुद पुन्हा पुन्हा आले. त्या बिरुदात कौतुक आहे, हे खरे. पण त्याला एक अस्पष्ट सवलतीचा वासही येतो, जणू मोठ्या पडद्यावर पहिल्या रांगेत बसायला जागा मिळाली नाही म्हणून या गृहस्थाने टेलिव्हिजनवर राज्य केले. मला हे मान्य नाही. चेंबरलेन यांच्या अंगी जे गुण होते त्यांना दोन तासांचा चित्रपट पुरला नसता, आणि मिनीसिरीज या प्रकाराला जो नट हवा होता तो त्यांच्याइतका पूर्णपणे दुसऱ्या कोणात सापडला नाही, असे माझे ठाम मत आहे.

हा प्रकार नेमका काय होता, ते आधी सांगितले पाहिजे, कारण रोज चालणाऱ्या आणि वर्षानुवर्षे न संपणाऱ्या मालिकांची सवय असलेल्या आपल्याला त्याचे वेगळेपण सहज जाणवत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या तीन नेटवर्कांचे राज्य होते आणि जाहिरातींचे दर वर्षातल्या काही ठरावीक महिन्यांतल्या प्रेक्षकसंख्येवर ठरत असत. त्या महिन्यांत घराघरांतला संच आपल्याच वाहिनीवर खिळून राहावा म्हणून नेटवर्के एखादी जाडजूड कादंबरी घेत, तिच्यावर चित्रपटाच्या तोडीचा खर्च करीत आणि ती लागोपाठ काही रात्रींत संपवून टाकीत. जानेवारी १९७७मध्ये एबीसीने 'रूट्स' सलग आठ रात्री दाखवली आणि गुलामगिरीसारख्या विषयावरची दीर्घ कथाही सारा देश पाहू शकतो, हे सिद्ध झाले. गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट होता, आणि तो शेवट कोणत्या रात्री येणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते. आपल्याकडे या जातीचे उत्तम काम म्हणजे १९८८मध्ये दूरदर्शनवर आलेले गोविंद निहलानी यांचे 'तमस'. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना अशा बांधीव दीर्घकथेची पकड वेगळी समजावून सांगायला नको.

चेंबरलेन यांची सुरुवात मात्र न संपणाऱ्या मालिकेनेच झाली. १९३४ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्म, पोमोना महाविद्यालयात कलेचे शिक्षण, सक्तीच्या लष्करी सेवेत कोरियात काढलेला काळ, आणि मग १९६१मध्ये एनबीसीवरच्या 'डॉक्टर किल्डेअर'मध्ये तरुण, देखणा, सज्जन शिकाऊ डॉक्टर. मालिका १९६६पर्यंत चालली. त्यांना चाहत्यांच्या पत्रांचा पूर आला, मालिकेच्या संगीतावर रचलेले गाणे त्यांनी गायले आणि तेही लोकप्रिय झाले. पुष्कळ नटांची कारकीर्द एवढ्या यशानंतर त्याच चेहऱ्याच्या आधारे पुढे रेटली जाते.

चेंबरलेन इंग्लंडला गेले. त्यांच्या आयुष्यातला हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत नाव आणि पैसा असताना तिशी ओलांडलेल्या माणसाने नव्याने शिकायला दुसऱ्या देशात जाणे, तेही जिथली रंगभूमी 'टीव्हीवरचा देखणा डॉक्टर' म्हणून त्याच्याकडे संशयानेच पाहणार होती, याला धैर्य लागते. १९६८मध्ये त्यांनी बीबीसीसाठी 'द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी'मध्ये राल्फ टचेट या आजारी, सोशिक माणसाची भूमिका केली आणि १९६९मध्ये बर्मिंगहॅम रेपर्टरी थिएटरमध्ये थेट हॅम्लेट उभा केला. पुढच्याच वर्षी त्यांचा हॅम्लेट टेलिव्हिजनसाठी चित्रित झाला. त्यात पित्याचे भूत जॉन गिलगुड यांनी आणि पोलोनियस मायकेल रेडग्रेव्ह यांनी केला होता. असल्या मंडळींसमोर उभे राहायचे तर नुसता चेहरा कामाला येत नाही. आवाज कुठे राखायचा, लांब वाक्याचा श्वास कुठे घ्यायचा, स्तब्ध राहूनही प्रसंग आपल्या हातात कसा ठेवायचा, ही सगळी रंगभूमीची शिदोरी त्यांनी तिथे बांधून घेतली, आणि पुढची वीस वर्षे ती त्यांना पुरली.

१९७४ ते १९७७ या काळातल्या त्यांच्या दूरचित्रपटांकडे आज फारसे कोणी वळत नाही, याचे मला वाईट वाटते. १९७५चा 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' अवश्य पाहावा. त्यात एडमंड दांतेस हा भोळा खलाशी तुरुंगातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या चालण्यात, मान वळवण्याच्या वेगात आणि बोलण्यातल्या सभ्यपणात एक थंडपणा आलेला असतो. सूड घेणारा माणूस आरडाओरडा करीत नाही, तो शिष्टाचार पाळतो, हे त्यांनी ओळखले होते. अमेरिकी टेलिव्हिजनच्या एमी पुरस्काराचे पहिले नामांकन त्यांना याच कामासाठी मिळाले. १९७७च्या 'द मॅन इन द आयर्न मास्क'मध्ये राजा चौदावा लुई आणि त्याचा कैदेतला जुळा भाऊ या दोन्ही भूमिका त्यांच्याकडे होत्या. दोघांना वेगळे दाखवायला त्यांनी वेशभूषेवर भार टाकला नाही. राजाचे सैलावलेले ओठ आणि भावाची सावध नजर एवढ्यावर भागवले. त्यानंतर १९७८च्या 'सेंटेनियल'मध्ये स्कॉटिश वळणाचे बोलणारा, दाढी वाढवलेला, कातडी विकत फिरणारा व्यापारी मॅककीग त्यांनी रंगवला आणि देखणेपण कोपऱ्यात ठेवून काम करता येते, हे दाखवून दिले.

मग 'शोगुन' आली. जेम्स क्लॅवेल यांच्या कादंबरीवरची ही मिनीसिरीज एनबीसीने १५ ते १९ सप्टेंबर १९८० या पाच रात्रींत दाखवली. तिचे चित्रीकरण जपानमध्ये झाले, जपानी सरदार तोरानागाच्या भूमिकेत तोशिरो मिफुने होते आणि मारिकोच्या भूमिकेत योको शिमादा. त्या उन्हाळ्यात हॉलिवूडच्या नटांचा संप सुरू होता, त्यामुळे इतर नव्या मालिका लांबणीवर पडल्या होत्या आणि 'शोगुन'ला समोर बळकट स्पर्धा उरली नव्हती. या योगायोगाने प्रेक्षक वाढले असतील. पण पहिल्या रात्री आलेला प्रेक्षक पाचव्या रात्रीपर्यंत थांबला तो संपामुळे नव्हे.

या मालिकेत दिग्दर्शक जेरी लंडन आणि निर्मात्यांनी एक धाडस केले होते, आणि त्याचा सारा भार चेंबरलेन यांच्या खांद्यावर पडला होता. कथा इ.स. १६००च्या सुमाराची, जॉन ब्लॅकथॉर्न हा इंग्रज वाटाड्या आपल्या जहाजासह जपानच्या किनाऱ्याला लागतो आणि त्याला तिथले अक्षरही कळत नाही. जपानी पात्रे जपानीतच बोलतात आणि पडद्यावर त्या बोलण्याचे भाषांतर दिलेले नाही. अधूनमधून ऑर्सन वेल्स यांचे निवेदन येते, मारिको दुभाष्याचे काम करते, बाकी काळ प्रेक्षक ब्लॅकथॉर्नइतकाच अडाणी असतो. म्हणजे समोरच्याने काय म्हटले याचा अंदाज प्रेक्षकाला एकाच जागी घ्यावा लागतो, चेंबरलेन यांच्या चेहऱ्यावर. ऐकणे, चुकीचे समजणे, अपमान गिळणे, पुन्हा ऐकणे, आणि कित्येक तासांनंतर एखादा शब्द ओळखीचा वाटल्याची चमक डोळ्यांत येणे, ही सगळी क्रिया त्यांनी इतक्या हळू आणि इतक्या प्रामाणिकपणे उलगडली आहे की पाचव्या रात्रीपर्यंत पाहणाऱ्यालाही आपण थोडी जपानी शिकलो असे वाटावे.

त्यातला एक प्रसंग माझ्या मते त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीचे शिखर आहे. ब्लॅकथॉर्न सहा महिन्यांत जपानी शिकला नाही तर साऱ्या गावाला मृत्युदंड होईल, असा हुकूम सुटतो. हे पाप आपल्या माथी नको म्हणून तो स्वतःच्या पोटात सुरा खुपसायला बसतो. ऐन क्षणी त्याचा हात धरला जातो. सुरुवातीला हाच माणूस उर्मट होता, ओरडत होता, यांना रानटी म्हणत होता. इथे त्याचा श्वास स्थिर झालेला असतो आणि हात अडवला गेल्यावर सुटकेपेक्षा गोंधळच त्याच्या चेहऱ्यावर अधिक दिसतो, कारण मरणाची तयारी पूर्ण झालेल्या माणसाला परत जगण्याकडे वळायला वेळ लागतो. हे दाखवायला आधीचे काही तास मिळाले होते म्हणून ते इतके खरे वाटते. दोन तासांच्या चित्रपटात हा प्रसंग केवळ शौर्याचा ठरला असता.

'द थॉर्न बर्ड्स' ही २७ मार्च १९८३पासून चार रात्री एबीसीवर दाखवली गेली आणि प्रेक्षकसंख्येत 'रूट्स'च्या खालोखाल तिचे नाव घेतले जाऊ लागले. पाम संडेला, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या पवित्र रविवारी, सुरू झालेल्या या कथेचा नायक कॅथलिक धर्मगुरू होता आणि तो एका स्त्रीवर प्रेम करणारा होता, त्यामुळे वादही झाले. ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांच्या विशाल कुरणावर घडणारी ही गोष्ट चित्रित झाली कॅलिफोर्नियात आणि हवाईत. राल्फ द ब्रिकासार्ट हा महत्त्वाकांक्षी फादर, लहानगी मेगी क्लीअरी, आणि त्या फादरवर स्वतः आसक्त असलेली श्रीमंत वृद्धा मेरी कार्सन. ही मेरी आपली अफाट संपत्ती मृत्युपत्राने चर्चला देते आणि तिची सूत्रे राल्फच्या हाती सोपवते. मेगीपाशी राहणे आणि कार्डिनलपदाकडे, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्मपदाकडे, जाणे यांपैकी एक निवडणे त्याला भाग पडते. मेरीची भूमिका बार्बरा स्टॅनविक यांनी केली, आणि त्यांना, जीन सिमन्स यांना व रिचर्ड काइली यांना एमी मिळाले. चेंबरलेन यांना नामांकनावर समाधान मानावे लागले. गोल्डन ग्लोब मात्र 'शोगुन'प्रमाणे याही भूमिकेला मिळाला.

कथा चाळीसहून अधिक वर्षांची आहे. मेगी लहानपणी सिडनी पेनी आहे आणि मोठेपणी रेचेल वॉर्ड. राल्फ मात्र पहिल्या दृश्यापासून अखेरपर्यंत चेंबरलेनच आहेत. तरुण, तल्लख, स्वतःच्या रूपाची पूर्ण जाणीव असलेला धर्मगुरू आणि अखेरीस आपल्याला एक मुलगा होता हे त्याच्या मृत्यूनंतर कळलेला थकलेला कार्डिनल, यांतले अंतर पांढऱ्या केसांनी भरून काढता येत नाही. त्यांनी ते आवाजाने भरले: पदे चढत जातात तसा राल्फचा आवाज अधिक मृदू, अधिक मुरलेला आणि अधिक दूरचा होत जातो, आणि फक्त मेगीसमोर तो जुन्या पट्टीत परततो. या मालिकेत भावनांचा अतिरेक आहे, काही संवाद आज ऐकवत नाहीत, हे मी मान्य करतो. तरीही त्या साऱ्या भरजरी मांडणीत राल्फचा आत्मवंचक मोह खरा वाटतो, कारण चेंबरलेन त्याची बाजू घेत नाहीत आणि त्याला दोषीही ठरवत नाहीत.

१९८५मध्ये एनबीसीवर आलेल्या 'वॉलेनबर्ग'मध्ये त्यांनी १९४४ साली बुडापेस्टमध्ये संरक्षणपत्रे वाटून हजारो ज्यूंचे प्राण वाचवणारा स्वीडिश मुत्सद्दी राउल वॉलेनबर्ग साकारला. धाडसी पुरुषाचे काम असूनही त्यात त्यांनी मुख्यतः कागद, शिक्के आणि अधिकारवाणी यांचा वापर दाखवला, आणि त्यांना चौथे एमी नामांकन मिळाले. पुरस्कार तेव्हाही मिळाला नाही. १९८६चे 'ड्रीम वेस्ट' आणि १९८७चा 'कॅसानोव्हा' मला त्या तोडीचे वाटत नाहीत. १९८८चा 'द बोर्न आयडेंटिटी' मात्र महत्त्वाचा आहे. मॅट डेमन यांचा २००२चा चित्रपट पाहिलेल्यांनी हा दोन रात्रींचा आणि मूळ कादंबरीला अधिक जवळचा आविष्कार शोधून पाहावा. स्मृती गेलेल्या माणसाची भीती इथे जास्त दिसते आणि चपळाई कमी.

त्याच सुमारास हा प्रकारच संपत आला. १९८८-८९मध्ये एबीसीने 'वॉर अँड रिमेम्बरन्स'वर दहा कोटी डॉलरच्या वर खर्च केला आणि तो वसूल झाला नाही. केबल वाहिन्या आणि व्हिडिओ आल्यावर सारा देश एकाच संध्याकाळी एकाच गोष्टीसमोर बसणे बंद झाले. चेंबरलेन रंगभूमीकडे वळले आणि १९९३मध्ये ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी'तला हिगिन्स त्यांनी केला. २००३च्या आत्मचरित्रात त्यांनी आपण समलिंगी असल्याचे लिहिले. प्रणयी नायक म्हणून आपले काम जाईल या भीतीने त्यांना अनेक दशके हे लपवावे लागले होते, आणि यात चूक त्यांची नसून त्या व्यवसायाची व त्या काळाची होती. ही माहिती हाताशी धरून राल्फच्या दडपलेल्या प्रेमाचा अर्थ लावायचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण त्याने त्यांच्या कौशल्याचे श्रेय त्यांच्या वेदनेला दिले जाते.

'शोगुन'ची २०२४ची नवी आवृत्ती भारतात डिस्ने प्लस हॉटस्टारवर आली आणि आपल्याकडेही अनेकांनी आवडीने पाहिली. तीत जपानी संवादांखाली उपशीर्षके आहेत, तोरानागा आणि मारिको यांच्या मनातले डाव प्रेक्षकाला थेट कळतात आणि ब्लॅकथॉर्न अनेक पात्रांपैकी एक ठरतो. जपानी माणसांना न्याय देणारी म्हणून मला ती रचना अधिक योग्य वाटते. पण १९८०ची आवृत्ती तिच्यानंतर पाहिली तर उपशीर्षकांचे ते सगळे काम तेव्हा एका नटाने आपल्या चेहऱ्यावर पेलले होते, हे पहिल्या रात्रीच्या पहिल्याच तासात लक्षात येते.