नितळ, कोमट पाण्यातला महसीर

एप्रिलमध्ये पवना धरणाचं पाणी इतकं नितळ होतं की काठालगतचे दगड वरून मोजता येतात. फिरायला येणारे हरखून जातात. पण गळाने महसीर, म्हणजे आपल्या नद्यांतला तो मोठा, ताकदवान मासा, धरण्याची सहल आखायची असेल, तर याच दिवसांत सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं. मी मत्स्यशास्त्र शिकले आणि आता मावळात अशा सहली आखून देते. नाव, परवानगी, साहित्य, न्याहारी हे सगळं बघतेच. शिवाय धरलेला मासा जिवंत पाण्यात परत गेला पाहिजे, ही जबाबदारीही माझीच.

एका एप्रिलमध्ये ज्यांच्यासाठी सहल होती ते काका अमेरिकेत माँटाना राज्यात अनेक वर्षं राहिलेले. पुण्यात भाचीच्या लग्नाला आले होते आणि एकच सकाळ मोकळी होती. फोनवर त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "अगं, रॉड मी घेऊन येतोय. सहा पौंडांची लाइन आहे. नितळ पाण्यात याहून जाड दोऱ्याकडे मासा फिरकत नाही."

त्यांचं बरोबरच होतं. पौंड म्हणजे दोरा तुटण्याआधी किती ताण सोसतो ते; आकडा मोठा तसा दोरा जाड. मी मात्र वीस पौंडांवर अडून बसले, कारण पाणी नुसतं नितळ नव्हतं, कोमटही होतं. पाणी तापतं तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. समुद्रसपाटीला 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाच्या शरीराची गरज वाढलेली असते. बारीक दोऱ्यावर मोठा मासा लागला की तो तुटू नये म्हणून त्याला अर्धा-अर्धा तास खेळवत बसावं लागतं. थंड पाण्यात मासा त्यातून सावरतो. उन्हाळ्यातल्या धरणात तो पोहत जातो, आपण टाळ्या वाजवतो, आणि नंतर कुठेतरी मरून वर येतो. नितळ पाणी म्हणतं दोरा बारीक घ्या, कोमट पाणी म्हणतं जाड घ्या. उन्हाळी सहलीची सगळी आखणी या भांडणातून वाट काढण्याची असते.

काकांना हे पटवायला वेळ लागला नाही. माँटानात उन्हाळ्यात नदीचं पाणी फार तापलं की दुपारी दोननंतर मासेमारी बंद करतात, तिथे ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी हा नियमच आहे. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडेही थर्मामीटर लागतो तर! ठीक आहे, वीस."

आता जाड दोरा माशाच्या नजरेतून सुटणार कसा, हे मला सोडवायचं होतं. दोऱ्याचा पुढचा काही हात फ्लुओरोकार्बन या प्लास्टिकचा लावला. तो नायलॉनपेक्षा पाण्यात कमी दिसतो. माशाला पाण्याबाहेरचं जग डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं आणि त्या खिडकीच्या कडेला सगळं दबून, बारीक होऊन येतं. म्हणून नावेत कुणी उभं राहायचं नाही, कपडे मातकट रंगाचे, आणि गळ लांब टाकायचा. जागा निवडली ती एका ओढ्याच्या तोंडाशी. तिथे उथळ खडकाळ पट्ट्याला लागूनच जुन्या पात्राची खोली सुरू होते. गळाला मिश्या नाहीत, म्हणजे मागचा काटा चपटा केलेला. आमिष म्हणजे नाचणीच्या पिठात शेंगदाण्याची पेंड मळून केलेले गोळे. निघायचं उजाडायच्या आत, आणि पाण्याचा वरचा थर 29 अंशांवर गेला की थांबायचं, मासा लागो न लागो. तिथल्या मच्छीमार संस्थेच्या सचिवांना आधी विचारलं होतं, कारण अशा जलाशयातला मासेमारीचा हक्क सहसा स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो. त्यांच्याकडूनच नाववाले दादा आले. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मी कुणालाही नावेत घेत नाही. पवनेत माणसं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

पहाटे पाणी 26 अंश होतं. तुंग किल्ल्याचा सुळका नुसता काळा दिसत होता. उजेड झाला आणि मासे दिसायला लागले, अगदी स्पष्ट. एक महसीर गोळ्यापर्यंत आला, थांबला, वळला. मग दुसरा. काकांचा जीव वर-खाली होत होता. "बारीक लाइन लावू का गं?" असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.

त्या रिकाम्या वेळात मी त्यांना या माशाची गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना मला नेहमीच भरून येतं. हा निळसर परांचा महसीर, टॉर खुद्री, जगाला शास्त्रीय नावाने माहीत झाला तो पुण्याच्या नदीतून. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये त्याचं वर्णन छापलं. डोंगरापलीकडे लोणावळ्याला वळवण तलावावर टाटांच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याची कृत्रिम पैदास बसवली. तिथली पिल्लं देशभर गेली. कावेरीत ती इतकी फोफावली की तिथल्या मूळच्या कुबडाच्या महसीराची जागा त्यांनी व्यापली आणि तो आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. आमचा मासा परक्या नदीत माजला आणि त्याच्या स्वतःच्या खोऱ्यात मोठा महसीर दिसला तर आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो. म्हणून इथला प्रत्येक मासा मला परत हवा असतो.

आठ वाजून गेल्यावर पश्चिमेकडून झुळूक आली आणि पाण्यावर बारीक लाटा उठल्या. याचीच मी वाट बघत होते. लाटांनी ती खिडकी मोडते, माशाला ना दोरा नीट दिसत ना नाव. दादांनी वल्ही न वाजवता नाव जरा मागे घेतली. काकांनी गोळा टाकला आणि रील किंचाळलं.

पहिली धाव जबरदस्त होती. पण दोरा दणकट असल्यामुळे काकांना ताण देता आला आणि काही मिनिटांतच मासा रबरी जाळीत होता. चारेक किलोचा. सोनेरी खवले, जाड ओठ, परांवर ती निळी झाक. मी हात भिजवून, मासा पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला. थर्मामीटर 28 दाखवत होता.

मासा जाईना. तो कुशीवर कलंडला, कल्ले भराभर हलत होते. मी त्याला सरळ धरून ठेवलं. काका नुसते बघत राहिले. आम्ही वेळेत होतो, दोरा योग्य होता, झुंज छोटी होती, तरीही तो डोळ्यांसमोर जात होता.

दादा वल्ही टाकून पुढे आले. "ताई, वर पाणी तापलंय. खाली गार आहे. जाळीच खाली सोडा की."

नावेच्या नांगराचा दोर त्यांनी जाळीच्या कड्याला बांधला, जाळीत दगड ठेवला, आणि जाळी उताराच्या कडेने हळूहळू खाली सोडली. पार तळाशी नाही. उन्हाळ्यात अगदी खोल पाणी गार असलं तरी तिथे प्राणवायू फार कमी उरतो. दोन पुरुष खोलीवर त्यांनी हात थांबवला. तेवढं कुठे थांबायचं हे त्यांना कसं कळलं, असं मी नंतर विचारलं. लहानपणापासून बुड्या मारतोय, पायाला कळतं, म्हणाले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग दोराला झटका बसला. अजून एक. दादांनी जाळी तिरपी केली आणि नितळ पाण्यात आम्हाला तो सरळ, स्वतःच्या बळावर खोलीकडे जाताना दिसला.

झुळूक चालू होती, मासे आता नक्की घेतले असते, आणि 29 व्हायला अजून अवकाश होता. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी रील सोडवायला घेतलं होतं.

काठावर संस्थेचे दोघे बसले होते. "चार किलोचा सोडला?" त्यांना ते खरंच पटत नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही, तो मासा बाजारात त्यांची एका दिवसाची कमाई असतो. म्हणूनच मी रॉडमागे शुल्क देते, मासा मिळो न मिळो. त्या दिवशी काकांनी दादांना वेगळे पैसे दिले, आणि दादांनी ते जाळीला कायमचा लांब दोर घ्यायला वापरले. त्यावर हातभर अंतराने गाठी मारल्यात. उन्हाळ्याच्या प्रत्येक सहलीच्या यादीत आता तो दोर आहे, आणि किती गाठी खाली सोडायचा हे त्या सकाळी थर्मामीटर बघून दादा आणि मी मिळून ठरवतो.