वस्तुचित्राचा तास आणि रझांचा बिंदू

शाळेनं मला काय दिलं, असं स्मरणिका समितीनं विचारलं तेव्हा एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीचे तास आठवले. चित्रकलेचे सर टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि एक चुरगळलेला पंचा मांडायचे आणि बराच वेळ पेन्सिलीला हात लावू द्यायचे नाहीत. आधी बघा, म्हणायचे. आज मी फ्रान्समध्ये ल्योंला राहतो, तैलरंगात काम करतो आणि कॅनव्हास समोर घेतला की अजूनही आधी बघत बसतो. त्या तासांचं मोल मला सय्यद हैदर रझांच्या चित्रांमुळे कळलं, म्हणून हे मनोगत त्यांच्याविषयी लिहितो आहे.

रझा तसे आपल्याच भागातले. १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात त्यांचा जन्म झाला. वडील वनखात्यात होते. मंडला तेव्हा मध्यप्रांतात आणि प्रांताची राजधानी नागपूर, त्यामुळे दमोहची शाळा संपवून हा मुलगा चित्रकला शिकायला १९३९ मध्ये आपल्या नागपूरला आला. चार वर्षांनी मुंबई, मग जे. जे. कलाशाळा; १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा, बाकरे आणि आपल्या विदर्भाचे गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलावंतांचा गट.

त्यांच्या प्राथमिक शाळेतली गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. मुलाचं चित्त ठिकाणावर नाही हे पाहून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे रझांच्या चित्रांत मोठा काळा बिंदू आला आणि तीच त्यांची ओळख झाली. ही गोष्ट खरी आहे, मला फार प्रियही आहे. पण ती सांगताना मधली तीसेक वर्षं गाळली जातात. मला सांगायचं आहे ते त्या वर्षांबद्दल.

१९४८ मध्ये श्रीनगरला आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं रझांची चित्रं पाहिली. हात चांगला आहे, पण चित्रांना बांधणी नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं आणि सेझान या फ्रेंच चित्रकाराचा अभ्यास करायला सुचवलं. सव्वीस वर्षांचा, मुंबईत नाव होऊ लागलेला चित्रकार हे ऐकून दुखावला असता. रझा मुंबईला परतून फ्रेंच शिकू लागले. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला पोहोचले, ते पुढची साठ वर्षं तिकडेच राहिले.

परदेशी गेलेला चित्रकार जन्मभर स्मरणचित्रंच काढत असतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. मलाही विचारतात, ‘तिकडे बसून नागपूर रंगवता का?’ रझांनी पहिली कितीतरी वर्षं समोर होतं ते रंगवलं: फ्रान्समधली गावं, चर्चं, उतरत्या छपरांची घरं. त्या काळातली त्यांची तैलचित्रं जवळून बघावीत. रंग जाड, कणखर, लालावर काळा चढवलेला, घरांच्या कडा सुरीनं ओढलेल्या. १९५६ मध्ये त्यांना फ्रेंच समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितिक’ हा पुरस्कार मिळाला. फ्रान्सबाहेरच्या चित्रकाराला तो तेव्हा पहिल्यांदाच मिळत होता.

तैलरंग सावकाश वाळतो. जाड थराला तर आठवडे लागतात. तोवर तो खरवडता येतो, हलवता येतो, शेजारच्या रंगात मिसळून घेता येतो. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा क्रम पाळावा लागतो. उलट झालं की वरचा थर तडकतो. त्यामुळे घाई चालतच नाही. चित्र कशावर उभं राहणार आहे हे आधी ठरवावंच लागतं, आणि तीच बांधणी. १९६२ मध्ये रझा शिकवायला अमेरिकेत बर्कलीला गेले, अमेरिकन चित्रकारांचं मोकळं काम त्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर हळूहळू ॲक्रिलिककडे वळले. तो रंग मिनिटांत वाळतो. सपाट रंग, स्वच्छ कडा, वर्तुळं, त्रिकोण त्यात सहज येतात. बिंदू ठळकपणे आला तो १९८०च्या आसपास, वयाच्या साठीजवळ. १९८१च्या ‘माँ’ या चित्रात तर त्यांनी आईला उद्देशून हिंदीतली एक ओळच लिहिली. चित्रावर देवनागरी अक्षरं आहेत, पण रंगांच्या चौकटी एकमेकींना ज्या तोलानं धरून आहेत तो तोल तीस वर्षं सेझानच्या देशात काम करून आलेला आहे. बिंदूत फक्त मंडला बघणाऱ्यांना अर्धेच रझा दिसतात, असं मला ठामपणे वाटतं. मला स्वतःला १९५०च्या दशकातले रझा अधिक जवळचे. (बिंदूचे चाहते रागावतील, रागावू देत.)

आणि तरीही भिंतीवरचा तो ठिपका खोटा ठरत नाही. गुरुजींनी मुलाला बघत बसायला शिकवलं. काय बघायचं हे त्याचं त्यानं शोधलं, फार उशिरा आणि फार दूर. २०१० च्या अखेरीस रझा भारतात परतले, २०१६ मध्ये दिल्लीत गेले. दफन मंडल्यात, वडिलांशेजारी झालं.

नववी-दहावीत चित्रकलेचा तास पहिल्यांदा कापला जातो, हे मी अनेक शाळांत ऐकतो. आपल्या शाळेनं तो कापू नये, ही माझी आग्रहाची विनंती. येत्या हिवाळ्यात मी नागपूरला आहे. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर आठवडाभर रोज दोन तास वस्तुचित्र घेईन. कागद, बोर्ड मी आणतो. मुलांनी घरून एखादं भांडं आणावं, पोचे आलेलं असलं तर उत्तम.