सीतेच्या शोधात बार्सिलोना

बार्सिलोनाला येऊ घातलेलं कुणीही मला विचारतं, राहायला कुठला भाग चांगला, शाकाहारी माणसाचे हाल होतात का, पाकीटमार फार आहेत का. सांगते सगळं. पण आधी सीतेचं सांगू द्या, कारण माझे तिथले पहिले तीन महिने तिच्या शोधात गेले.

'सिता प्रेविया' म्हणजे सरकारी कामासाठी आगाऊ घेतलेली वेळ. स्पेनमधले बहुतेक लोक त्या 'सि'चा उच्चार जीभ दातांत धरून 'थि'च्या जवळ नेतात. माझी रूममेट मात्र कोलंबियाची, तिच्या तोंडी स्वच्छ 'सिता'. रोज सकाळी कॉफी ढवळत ती विचारायची, "सिता मिळाली?" आणि मी म्हणायचे, "नाही, अजून लंकेतच आहे." पुढे तिला अख्खं रामायण सांगावं लागलं.

व्हिसा, विमान, विद्यापीठातला प्रवेश हे सगळं सुरळीत झालं. खरं काम उतरल्यावर सुरू होतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून एका महिन्यात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे 'तिए'साठी, अर्ज करायचा असतो. 'निए' वेगळा. तो नुसता क्रमांक, एक्स, वाय किंवा झेडने सुरू होणारा. माझ्या व्हिसावर तो छापूनच आला होता, म्हणून मी चार दिवस निवांत होते. तो निवांतपणा पुढे महागात पडला.

'तिए'च्या आधी 'पाद्रोन' हवं. पाद्रोन म्हणजे महापालिकेच्या रहिवासी यादीत नाव. आरोग्य कार्डापासून कशालाही हात घाला, आधी तेच मागतात. माझ्या पहिल्या घरमालकाने चाव्या हातात देताना सांगितलं की या पत्त्यावर पाद्रोन मिळणार नाही. तोवर अनामत भरून झाली होती. म्हणून खोली बघायला जाल तेव्हा खिडकी आणि स्वयंपाकघर नंतर बघा, पहिला प्रश्न पाद्रोनचा विचारा. मी दोन आठवड्यांत बॅगा उचलून पोब्ले-सेक या वस्तीत आले.

पत्त्याचंही आत्ताच सांगते, नाहीतर विसरेन. इथल्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर 'एन्त्रेसोल', त्यावर 'प्रिन्सिपाल', आणि मग कुठे 'पहिला' मजला येतो. जाहिरातीत 'तिसरा मजला, लिफ्ट नाही' असं असेल तर मनात दोन मजले वाढवून ठेवा. मी वाढवले नव्हते.

नव्या घरातून कागदांची फाइल घेऊन मी ऐटीत पाद्रोनला निघाले तो दिवस २४ सप्टेंबर. कार्यालयाला कुलूप. तो ग्रामदेवता मेर्सेचा दिवस, शहराची सुट्टी. फाइल काखेत धरून परत फिरले तर सांत जाउमे चौकात माणसांचे मनोरे लागले होते. खाली गर्दीचा घेर, वर माणसावर माणूस, सगळ्यात वर हेल्मेट घातलेलं एक पोर. थेट दहीहंडीच, फक्त हंडी नाही. पोर टोकाला जाऊन एक हात वर करतं आणि सरसर उतरतं. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले आणि माझ्या शेजारी उभ्या आजीबाईंनी खुणेने सांगितलं, पोरी, बॅग पुढे घे. पाकीटमारांबद्दल मला एवढंच सांगायचंय.

पुढच्या आठवड्यात पाद्रोन झालं. दहा मिनिटं लागली. कागद हातात आला, मी शिक्का बघितला, तारीख बघितली, घडी घालून ठेवला. नाव वाचलं नाही.

मग 'तिए'साठी बोटांचे ठसे द्यायची सिता. साइट उघडायची, प्रांत निवडायचा, पासपोर्ट क्रमांक टाकायचा, आणि शेवटच्या पायरीवर वाक्य येतं की सध्या वेळा उपलब्ध नाहीत. सकाळी आठला नाहीत, दुपारी नाहीत, रात्री दोनला गजर लावून उठले तरी नाहीत. कुणी म्हणे सोमवारी सुटतात, कुणी म्हणे शुक्रवारी. एका दुकानात तर वेळ विकत देऊ म्हणाले. फुकट मिळायच्या गोष्टीला मागितलेला आकडा ऐकून मी नाशिककडच्या अस्सल शब्दांत मनातल्या मनात आभार मानले आणि बाहेर पडले. साइटच्या त्या नकाराचे तारखेसह स्क्रीनशॉट मात्र रोज काढत होते, महिना उलटला तर दाखवायला. ते शेवटपर्यंत कुणीही मागितले नाहीत, तरी तुम्ही काढा, झोप बरी लागते.

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी आठला दहा कमी असताना, पडद्यावर वेळ दिसली. हात थरथरत होते. ठरल्या दिवशी ईएक्स-१७ अर्ज, पासपोर्ट आणि त्याच्या झेरॉक्स, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, ७९० नंबरच्या फॉर्मवर फी भरल्याची पावती, पाद्रोन, सगळं क्रमाने लावून गेले. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट बघितला, पाद्रोन बघितलं, पुन्हा पासपोर्ट बघितला.

"ही कोण?"

"मीच."

"नाही. या व्यक्तीचं आडनाव वेगळं आहे."

तेव्हा मी पाद्रोन पहिल्यांदा वाचलं. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. इथला प्रसिद्ध वास्तुकार गाऊदीसुद्धा पूर्ण नावाने अन्तोनी गाऊदी इ कोर्नेट, त्यातलं कोर्नेट हे आईचं. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन शब्द दिसल्यावर तिथल्या माणसाने त्याच्या रीतीने वाटणी केली होती. बाबांचं नाव माझं पहिलं आडनाव झालं आणि खरं आडनाव आईच्या वाट्याला गेलं. मी आधी मोडक्या स्पॅनिशमध्ये आपली पद्धत समजावली, मग इंग्रजीत, मग जरा चढ्या आवाजात. बाईंनी शांतपणे पासपोर्ट सरकवला. पाद्रोन दुरुस्त करून आणा, आणि हो, नवी सिता घ्या.

बाहेर येऊन फुटपाथवर बसले आणि रडले. पुन्हा जाऊन भांडावं असंही वाटलं, पण त्या बाईंचं तसं काही चुकलं नव्हतं, आणि ते जास्त झोंबत होतं.

दुरुस्तीसाठी वेगळी वेळ, म्हणजे सीतेसाठी आधी दुसरी सीता. त्यात दिवाळी गेली. अर्ज चालू असताना देशाबाहेर जाऊन परत यायचं तर परतीची वेगळी परवानगी लागते, आणि तिलाही अर्थात वेळ घ्यावी लागते, म्हणून भाऊबीज व्हिडिओ कॉलवर. दुरुस्तीच्या वेळी मी खिडकीवर आधी 'बोन दिया' म्हणाले, कातालानमध्ये. इथे दोन भाषा चालतात, आणि कातालान नमस्काराने काम होतंच असं नाही, पण समोरचा मान वर करून बघतो. पासपोर्टच्या झेरॉक्सवर 'नाव' आणि 'आडनाव' या दोन रकान्यांना मी पिवळा मार्कर मारून नेला होता. सही करायच्या आधी कागदावरचं प्रत्येक अक्षर वाचलं. मागे रांग चुळबुळत होती. चुळबुळू दे.

ज्यांच्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आहे, त्यांनी पिवळा मार्कर भारतातूनच आणा. आणि फी भरायला बँकेत सकाळीच जा, बऱ्याच शाखा अकरानंतर रोख घेत नाहीत. पाद्रोनचा कागद तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही, हेही मला वाटेत कळलं.

दुसरी सिता नोव्हेंबरअखेर मिळाली. ठसे दिले, पाच मिनिटं. महिन्याभराने कार्ड.

आता राहिलेलं. विमानतळाच्या मेट्रोवर दहा फेऱ्यांचं 'ते-काजुआल' तिकीट चालत नाही, ४६ नंबरच्या बसला चालतं. रस्ता विचाराल तर लोक उजवं-डावं सांगत नाहीत, समुद्राकडे की डोंगराकडे सांगतात. मुंबईच्या ईस्ट-वेस्टची सवय असेल तर सोपं जातं. एशाम्प्ले भागात चौकांचे कोपरे तिरके छाटलेत, सेर्दा या नगररचनाकाराची १८५९ची आखणी, त्यामुळे रस्ता ओलांडायला प्रत्येक वेळी वळसा पडतो. ऑगस्टमध्ये काही कामं काढू नका. जुन्या वस्त्यांत गॅसचा नारिंगी सिलिंडर हातगाडीवर येतो, गाडीवाला त्यावर टणटण वाजवतो. आमचा गाडीवाला पाकिस्तानी पंजाबी. मी बाल्कनीतून हिंदीत ओरडले तर पाच मजले चढवून वर पाणीही मागितलं नाही. शाकाहाऱ्यांनी टोमॅटो चोळलेल्या पावावर भिस्त ठेवावी.

मधल्या काळात, चुकीच्या पाद्रोनवर, मी वस्तीतल्या वाचनालयाचं कार्ड काढलं होतं. ते अजून बदललेलं नाही. राखून ठेवलेलं पुस्तक आलं की काउंटरवरून बाबांच्या नावापुढे 'सेन्योरा' लावून हाक मारतात. बाबांनी त्या कार्डाचा फोटो मागवून घेतलाय.