हिचं नाव न्हाई लिवलं?

भायखळ्याला राणीच्या बागेच्या फाटकाशी पोचलो तेव्हाच माझा निम्मा उत्साह संपला होता. रविवार, शाळांना सुट्ट्या आणि अख्खी मुंबई पेंग्विन बघायला लोटलेली. चूक माझीच. कोल्हापूरहून रात्रभर प्रवास करून आलेल्या आत्याला बुधवार, म्हणजे बागेच्या सुट्टीचा वार सोडून कधीही आणता आलं असतं. आणलं नेमकं रविवारी.

शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मात्र पंख्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. १८७२ साली हे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलं, १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव लागलं, असं मी जिना चढताना ऐकवत होतो. आत्या सोनेरी खांबांकडे बघत "देवळावाणी हाय" एवढंच म्हणाली.

वरच्या मजल्यावर मातीच्या बाहुल्या आहेत. वेगवेगळ्या जातीजमातींची, धंद्यांची माणसं, पगड्या, नेसणी, सगळं बारकाईने केलेलं. साहेबाच्या काळात माणसांचे नमुने असेच मांडायचे, फुलपाखरं मांडतात तसे. आत्या नऊवारीतल्या एका बाईपाशी थांबली. काचेला नाक लावून खालची पट्टी मला वाचायला लावली. मी वाचली.

"आणि हिचं नाव?"

"नाव नाही. जात लिहिलीय."

"एवढी शिवणटिपण केली, एवढा रंग लावला, आणि हिचं नाव न्हाई लिवलं?"

मला एकदम २०११ आठवलं. तेव्हा मी मुंबईत शिकत होतो. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांचं प्रदर्शन इथेच भरलं होतं. संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंना आजच्या कलावंतांनी उत्तर द्यावं म्हणून इथे त्यांना बोलावतात, त्यातलंच ते एक. त्यात 'अँगर ॲट द स्पीड ऑफ फ्राइट' नावाचं काम होतं: याच बाहुल्यांची भावंडं वाटावीत अशी छोटी रंगवलेली माणसं, पण एकमेकांवर तुटून पडलेली. दंगल चाललेली. कपाटातली माणसं शंभर वर्षं हात जोडून, टोपल्या धरून, गुमान उभी. ही मात्र कुणाला बघायला आवडणार नाहीत अशा अवस्थेत. तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं, मित्रांना पकडून पकडून सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर नावं त्या दंगलखोरांनाही नव्हती. ते मला सुचलं नव्हतं. आत्याला पहिल्या पाच मिनिटांत सुचलं.

खाली आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, पण उचलताना तो पडला आणि तुकडे झाले. १९१४ मध्ये जोडून बागेत उभा केला.

"मोडला म्हणून ऱ्हायला म्हणायचा," आत्या म्हणाली आणि त्याच्या सावलीला चप्पल काढून बसली. जवळच काळ्या घोड्यावर बसलेल्या इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाचा पुतळा. १९६५ मध्ये त्याला फोर्टातून इथे हलवलं. तिकडे २०१७ मध्ये नवा काळा घोडा बसवला, पाठीवर कोणीही नाही. ते मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "बरं केलं. घोड्याच्या पाठीला आराम."

मग पेंग्विन बघायचेत म्हणाली. दीड तास रांगेत उभे राहिलो. मधेच विचारते, "ती वरची, तिला हौसा म्हटलं तर चालंल का रं?"