आभाळ कसंय तिकडं?

सोमवार, कार्तिक वद्य दशमी

काल रात्री यंदा पहिल्यांदा गोधडी लागली. पहाटे साडेपाचला गच्चीवर गेले. कठड्याचा लोखंडी दांडा हाताला झोंबत होता. वर अर्धामुर्धा चंद्र, आणि उत्तरेला चामरलेण्याचा डोंगर काळाभोर, शाईने काढल्यासारखा स्पष्ट.

सहाला भावाचा फोन. "ताई, इथं नऊ. तिकडं?"

माझ्या तापमापकात बारा. इथे नाशिकच्या म्हसरूळला आणि तिकडे आमच्या माहेरच्या शेतात एवढा फरक नेहमीच असतो. निफाडकडचा भाग खोलगट, गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातला. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन झपाट्याने निवते, तिच्यावरची हवा गार होऊन जड होते आणि उतारावरून खाली येऊन तिथे साचून राहते. शहरात सिमेंट दिवसाची ऊब धरून ठेवतं, तसं तिथे काही नाही. म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात नेहमी नाशिकच्या खाली असतो. २०१८च्या डिसेंबरात तर तो दोन अंशांच्याही खाली गेला होता.

रोज सकाळी हवा विचारायची ही रीत अप्पांची. लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा ते पंचायतीजवळच्या फोनवरून विचारायचे, "आभाळ कसंय तिकडं?" पोरगी बरी आहे ना, हे त्यातच आलं. अप्पा गेल्यावर पंधरा दिवस फोन वाजला नाही, आणि सोळाव्या दिवशी भावाने तोच प्रश्न विचारला. तेव्हापासून मी रोज न चुकता गच्चीवर जाते.

आज तो खुशीत होता. वरची द्राक्षाची बाग घटस्थापनेच्या आधी छाटलेली, तिच्यात मणी ज्वारीएवढे झालेत. खालची, नदीकडची, दसरा झाल्यावर छाटली. ती ऐन फुलोऱ्यात आहे. थंडी कोरडी आहे तोवर डावणीची, त्या बुरशीच्या रोगाची, भीती नाही, म्हणाला.

मंगळवार, एकादशी

आळंदीला आज यात्रेची गर्दी असेल. दुपारपर्यंत ऊन होतं, मग वारा एकदम पडला. संध्याकाळी शाळेतून येताना अंजनेरीचा माथा दिसला नाही. तिथे नुसता राखाडी पट्टा.

रात्री भाऊ म्हणाला, "आभाळ येऊ राहिलं ताई." मला ते दिसलंच होतं.

बुधवार, द्वादशी

किमान तापमान एकोणीस. दोन दिवसांत सात अंश! गोधडी पायाशी पडून होती, पहाटे पंखा लावावा लागला.

वर्गात मुलांना हेच समजावलं, फळ्यावर देशाचा नकाशा काढून. या दिवसांत बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि बहुतेक वेळा तमिळनाडू किंवा आंध्रच्या किनाऱ्याकडे सरकतं. त्याच्याभोवती फिरणारा वारा समुद्राचं बाष्प घेऊन दख्खन ओलांडतो आणि थेट आपल्यापर्यंत येतो. उत्तरेकडून येणारी कोरडी, गार हवा तेवढे दिवस मागे हटते. वर ढगांचं पांघरूण, त्यामुळे जमिनीतली उष्णता रात्री निसटू शकत नाही, आणि थंडी गायब. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मॅडम, मग वादळ तिकडं आणि पाऊस आपल्याकडं का?" याच प्रश्नाने अप्पा आयुष्यभर चिडत आले. ते म्हणायचे, मद्रासला शिंक आली की आमच्या बागेला ताप येतो.

रात्री साडेनऊला भावजयीचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आणि ब्लोअरचा आवाज. "ताई, हे फवारणीला गेलेत. पाऊस यायच्या आत दोन्ही बागा करायच्यात. तिकडं पडू राहिलाय का?"

मी गच्चीत जाऊन हात पुढे केला. अजून नाही, म्हणाले.

झोप येईना. २०२३च्या २६ नोव्हेंबरची संध्याकाळ डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्रिपुरी पौर्णिमा होती. पंचवटीतलं कार्तिकस्वामींचं देऊळ या पौर्णिमेलाच उघडतं, दर्शनाला जायचं म्हणून मी मोरपीस आणून ठेवलं होतं आणि घाटावर लावायला पणत्याही. साडी नेसत असतानाच फोन वाजला. भाऊ काही बोलेना. मग भावजयीने फोन घेतला, "ताई, गारा." एवढंच. निफाडच्या किती गावांनी त्या दिवशी डोक्यावर हात मारून घेतला! ते मोरपीस अजून माझ्या देव्हाऱ्यात आहे.

गुरुवार, त्रयोदशी

पहाटे चारला पत्र्यावर आवाज सुरू झाला. भुरभुर नव्हे, चांगला टपोरा पाऊस. साडेचार ते सहा सलग, मग थांबून थांबून दुपारपर्यंत.

शाळेत जाताना रस्त्यावर सगळे खूश. चहाच्या टपरीवर दोन तरुण पोरं भिजत फोटो काढत होती. स्टाफरूममध्ये भजी मागवली गेली. कुणाचा दोष नाही यात. शहरातल्या माणसाला कार्तिकातला पाऊस म्हणजे फुकटची मजा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मीही अशीच खिडकीत बसून गरम चहा प्यायले आहे आणि माहेरी फोन करून "काय मस्त हवा झालीय!" म्हटलं आहे. पलीकडून अप्पा नुसते "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि तो आठवला की अजून पोटात तुटतं.

मधल्या सुट्टीत मुलं मैदानात पळाली. सगळी गेल्यावर लक्षात आलं, चार-पाच जणं बाकावरच बसून होती. आमची शाळा मखमलाबादच्या बाजूला, तिकडच्या मळ्यांतली पुष्कळ मुलं आमच्याकडे. त्यांतल्या एका मुलीचे डोळे सुजल्यासारखे दिसले म्हणून जवळ गेले. म्हणाली, "रात्री बॅटरी धरायला गेले होते मॅडम. पप्पा औषध मारत होते." सहावीतली पोर. तिला घरी जाऊन झोप म्हणाले, तर म्हणाली, घरी कुणी नाही, सगळे बागेत आहेत, तारा हलवतायत.

तारा हलवणं म्हणजे काय, हे द्राक्षाच्या घरातच कळतं. पाऊस उघडला की मांडवाच्या तारा हलवून वेलीवरचं पाणी झटकायचं. फुलोऱ्यातल्या घडात पाणी थांबलं तर घड कुजतो, आणि पान जितके तास ओलं राहील तितकी डावणी पसरते. कुणी ब्लोअरने औषधाविना नुसता वारा मारतात. ट्रॅक्टर चिखलात रुतला तर माणसं आहेतच. त्या मुलीला मी माझ्या डब्यातली पोळी-भाजी दिली आणि शेवटच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपू दिलं. बाकीच्यांना सांगितलं, हळू वाचा. पस्तीस मुलं खरोखरच कुजबुजत वाचत राहिली.

भावाचा आज फोन नाही. मी केला नाही. करून विचारणार काय?

शुक्रवार

धुकं. चामरलेणं नाही, समोरची इमारतही नाही. दिवसभर कपडे वाळले नाहीत. संध्याकाळी ठरवलं, उद्या जायचं.

शनिवार, अमावास्या

सकाळच्या एसटीने निघाले. आडगाव सोडलं आणि ढग फाटले. ओझरपर्यंत लख्ख ऊन आणि खिडकीतून येणारा वारा चक्क गार, उत्तरेचा. समोरच्या सीटवरचे एक आजोबा स्वतःशीच म्हणाले, "आला बाबा!" सगळी बस त्या वाऱ्याची वाट बघत असल्यासारखी वाटली मला.

आई ओट्यावर ऊन खात बसली होती. "कोरडं पडलं गं," हे तिचं पहिलं वाक्य. मग पाण्याचा तांब्या.

भाऊ खालच्या बागेत होता. तीन दिवसांत त्याची दाढी पांढरी दिसायला लागली होती. मला बघून हसला आणि एक पान तोडून हातात दिलं. वरून तेलाचा थेंब पडावा तसा पिवळा डाग. पान उलटं केलं तर त्याच जागी पांढरी, मऊ, कापसासारखी बुरशी. दिसायला इतकी निरागस! हीच डावणी. पानावर आहे तोवर औषधाने थांबते, पण घडात शिरली तर घड तपकिरी होऊन वाळतो, तो परत येत नाही.

"किती गेलं?" मी विचारलं.

"मोजलं नाही." मग थोड्या वेळाने, "मोजायला नको वाटू राहिलं."

मला वाटतं तिथे माझं येणं कामी आलं. त्याला चहाला पाठवलं आणि भावजयीला घेऊन मी ओळीत शिरले. दर दहाव्या वेलीला थांबायचं, घड मोजायचे, धड किती आणि लागलेले किती. ती सांगायची, मी वहीत लिहायची. अप्पांसोबत लहानपणी हेच काम मी केलंय, तेव्हा वही त्यांची आणि बोट माझं. पायाला दोन-दोन किलोचा चिखल. नदीकडच्या चार ओळींत हवा खेळत नाही, तिथे वाट लागली होती. दहातले सहा-सात घड गेलेले. एका घडाला बोट लावलं तर अख्खा फुलोरा भुकटीसारखा हातात आला. भावजय काही बोलली नाही, पदराने तोंड पुसून पुढच्या वेलीकडे गेली. पण जसजसं चढाकडे आलो तसतसं कमी होत गेलं. मधल्या ओळींत दहाला तीन, वरच्या अंगाला एखादाच. आणि वरच्या बागेत मणी आधीच धरले होते, तिथे थोडी गळ सोडली तर काही नाही.

संध्याकाळी वही भावाच्या पुढ्यात ठेवली. त्याने दोनदा वाचली. बुधवारी रात्री फवारलं नसतं तर काय झालं असतं, हे त्यालाही कळलं असावं, कारण बायकोकडे बघून तो म्हणाला, "तू उठवलंस म्हणून झालं." ती चुलीवर शेंगोळे ढवळत होती, तिने वर पाहिलं नाही. कुळथाचे गरम शेंगोळे, वर लसणाची फोडणी. मी दोनदा वाढून घेतले.

रात्री अंगणात अमावास्येचं आभाळ. धुऊन काढल्यासारखं. मृग नक्षत्र आईच्या आंब्याच्या वर आलं होतं. कादवेच्या अंगाने बदकांचा आवाज येत होता, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात उतरलेले पाहुणे असणार. त्यांनाही हाच वारा घेऊन येतो.

रविवार, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा

सात.

ओट्यावरच्या तापमापकात भावाने बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि घरात हाक दिली. बुधवारचे एकोणीस, आज सात. आता भीती दुसऱ्या बाजूची. पारा फार उतरला तर कोवळा फुलोरा गारठतो, मणी फुगायचे थांबतात. पहाटे चारला ठिबक सोडलं होतं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, त्याने मुळांना तेवढाच आधार. बांधावर पालापाचोळ्याच्या शेकोट्या केल्या. धूर मांडवाखाली सरपटत जात होता आणि आम्ही चौघं शेकोटीपाशी, आईसुद्धा. तिला सांगून ती ऐकत नाही.

शुक्रवारी चंपाषष्ठी. भरीत-रोडग्याला ये म्हणाली. चातुर्मासात सोडलेली वांगी त्या दिवशी तिच्या हातचीच खायची असतात मला.

नदीकडच्या चार ओळींतले गेलेले घड काढून बागेबाहेर नेऊन पुरायचे ठरलं, म्हणजे पुढे पसरणार नाही. बाकीची बाग ठेवायची. मजूर उद्या मिळणार नाहीत, सगळीकडे हेच काम निघालंय. मी मुख्याध्यापकांना फोन करून सोमवारची रजा मागितली. कारण विचारलं, ते सांगितलं. "या करून," म्हणाले, "आमच्याही गावाकडं तेच चाललंय."

आईने अप्पांचा जुना राखाडी स्वेटर पेटीतून काढून खुंटीला अडकवून ठेवलाय. भावजयीने दोन कात्र्यांना धार लावली. सहाला ओळीत शिरायचं आहे.