‘प’वर जीभ काऊन नाही?

आमची बँडपार्टी कागदावरून वाजवत नाही. काकाजी एकदा वाजवून दाखवतात, बाकीचे ऐकून उचलतात आणि लगनसराई निघून जाते. मीही क्लॅरिनेट तसंच शिकलो. कागदाची पाळी आली ती भाच्यामुळे. त्याला पोलीस भरतीत बॅन्डस्मनच्या जागेसाठी उतरायचंय आणि त्याआधी पाच रेघांचं स्टाफ नोटेशन वाचता यायला हवं, असं त्याने मनावर घेतलंय. मग ठरलं, काकाजींच्या वहीतली भूप रागातली एक धून स्टाफ नोटेशनमध्ये उतरवायची. सूर कानातले असले की डोळे लवकर शिकतात.

त्यासाठी लिलीपाँड घेतलं. यात माउसने सूर उचलून रेघांवर ठेवायचे नसतात. साध्या मजकुरात सूर टाइप करायचे, चालवायचं, पीडीएफ बाहेर पडते. १९९६ मध्ये दोन डच माणसांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. आर्वीकडच्या आमच्या गावात दुसरा गुण पहिल्यापेक्षा मोठा. सोबत फ्रेस्कोबाल्डी नावाचं एडिटर घेतलं: डावीकडे मजकूर, उजवीकडे छापील पान, आणि पानावरच्या सुरावर क्लिक केलं की कर्सर मजकुरातल्या त्याच सुरावर जातो. हे क्लिक करणं पुढे फार कामी आलं.

सुरांची नावं मुळात डच पद्धतीची आहेत, बी फ्लॅटला ‘बेस’ म्हणावं लागतं. पण आमचं त्यावाचून भागलं. काकाजींचा सा काळी पाच, म्हणजे पेटीवरचा बी फ्लॅट. बी फ्लॅटच्या क्लॅरिनेटवर सी वाजवला की काळी पाचच ऐकू येते. म्हणून भूपाचे पाचही सूर साधे आले: सी, डी, ई, जी, ए. इथे मी सारेगमच लिहितो, आपल्याला तेच सोयीचं.

सूर तासाभरात टाइप झाले. अडलो तो कमानींवर. सुरांच्या डोक्यावरून जाते ती वाकडी रेघ, इंग्रजीत तिला स्लर म्हणतात. फुंकीच्या वाद्याला तिचा अर्थ सरळ आहे: कमानीतल्या पहिल्या सुराला जीभ मारायची, म्हणजे तो जिभेच्या ठोक्याने सुरू करायचा, बाकीचे त्याच फुंकेत जीभ न लावता काढायचे.

पहिला घोळ माझाच, सॉफ्टवेअरचा त्यात काही दोष नाही. काकाजींची वही भातखंडे पद्धतीची, म्हणजे सारेगमच्या अक्षरांत लिहिलेली. तीत कमानी दोन जातीच्या असतात. सुरांच्या वरून गेलेली मींड दाखवते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. सुरांच्या खाली काढलेली सांगते की एवढे सूर एकाच मात्रेत बसवायचे. मी दोन्हींच्या सरसकट कमानी करून टाकल्या. खालची कमान हा तर लयीचा हिशेब, तिच्या जागी निम्म्या मात्रेचे सूर हवे होते, कमान नव्हेच. त्या सगळ्या खोडल्या. राहिल्या चौदा. मींड आणि स्लर एकच का, यावर काकाजींचं मत तिखट आहे, पण स्टाफवर मींडेच्या जवळ जाणारं माझ्या हाताशी तेवढंच होतं.

लिलीपाँडमध्ये कमान गोल कंसाने लिहितात. मी शाळेतल्या गणितासारखे कंस टाकले: ज्या सुरांचा गट, त्यांच्या भोवती.

सा (रे ग) (प ध सां)

चालवलं. एक चूक नाही, एक इशारा नाही. कमानीही छान उमटल्या. मी खुशीत पीडीएफ भाच्याच्या मोबाइलवर टाकली.

संध्याकाळी ओसरीत तो वाजवायला बसला. काकाजी बाजेवर डोळे मिटून पडले होते. दुसरी ओळ संपायच्या आत उठून बसले.

“अबे, ‘प’वर जीभ काऊन नाही मारून रायला?”

“आबाजी, कागदावर जसं हाय तसंच वाजवून रायलो मी.”

“मंग कागद चुकला. ‘ग’ अन् ‘प’ काय चिकटवले हायेत का?”

चिकटवलेच होते. मी पान पुन्हा पाहिलं. ‘रे’पासून निघायची कमान ‘सा’पासून निघाली होती. ‘प’पासून निघायची ‘ग’पासून, म्हणजे आधीची कमान जिथे संपली त्याच सुरावरून. प्रत्येक कमान एक सूर आधी सुरू, त्यामुळे अख्खी ओळ एका फुंकेत. पोरगं प्रामाणिक, लिहिलं तेच वाजवलं. मी लॅपटॉपवर तासभर पाहत होतो तरी मला दिसलं नव्हतं, काकाजींना बाजेवरून ऐकू आलं.

कारण कळल्यावर हसू आलं. लिलीपाँडमध्ये सुराला जे काही लावायचं ते सुराच्या मागून लागतं. उघडणारा कंसही. कंस गटाला घेरत नाही, तो आधीच्या सुराला लटकतो आणि म्हणतो, ‘माझ्या या सुरापासून कमान काढ.’ मी ‘रे’च्या आधी टाकलेला कंस ‘सा’ला जाऊन लटकला. ‘ग’ला बंद आणि उघडा दोन्ही कंस लागले, आणि ते नियमात बसतं, म्हणून तक्रारही नाही. बरोबर लिहिलं तर असं:

सा रे( ग) प( ध सां)

दिसायला विचित्र. पण आपल्याला हे नवीन नाही. ‘कि’ टाइप करताना आपण आधी क दाबतो, मग पहिली वेलांटी, आणि पडद्यावर वेलांटी उडी मारून क-च्या पुढ्यात बसते. टाइप मागून, दिसते आधी. भाच्याला हे उदाहरण दिलं आणि त्यानंतर त्याचा एकही कंस चुकला नाही. माझे दोन चुकले.

यानंतरच्या चुकीला निदान आवाज तरी होता. धुनेच्या शेवटी दोन क्लॅरिनेट वेगळे होतात, वरचा षड्जाकडे जातो, खालचा पंचमावर थांबतो. दोघांना एकाच पाच रेघांत बसवायला दुहेरी कोनी कंस आणि मधे दोन उलट्या तिरप्या रेघा, असं लिहितात. माझी कमान फाटा फुटायच्या आधीच्या ‘ध’वर सुरू होऊन फाट्याच्या आत संपत होती. चालवलं तर खाली दोन इशारे: एक, कमान संपलीच नाही, दोन, कमान संपवता येत नाही. एकाच कमानीबद्दल दोन उलट्या तक्रारी! मी कंस मोजले. चौदा उघडे, चौदा बंद. पुन्हा मोजले. ओळ आणि अक्षराचा नंबर तो दाखवत होता, पण तिथे तर सगळं जागच्या जागी. त्यात लाइट गेली आणि बॅटरी बारा टक्क्यांवर. मी झोपलो.

सकाळी डोकं चाललं. कमान ज्या आवाजात सुरू होते त्याच आवाजात संपावी लागते. आवाज म्हणजे लिलीपाँडच्या हिशेबातली एक स्वतंत्र सुरावट, इंग्रजीत व्हॉइस. त्या दोन तिरप्या रेघा टाकल्या की आतले दोन्ही भाग नवे आवाज होतात. मूळ आवाज दारातच थांबतो. माझी कमान एका घरात उघडली आणि दुसऱ्या घरात बंद होत होती, म्हणून पहिल्या घरातून एक तक्रार, दुसऱ्या घरातून दुसरी. उपाय: तिरप्या रेघा काढून टाकल्या. वरच्या क्लॅरिनेटला मूळ आवाजातच पुढे जाऊ दिलं, फक्त त्याच्या काड्या (सुरांना जोडलेल्या उभ्या रेघा) वर कर असं सांगितलं, आणि खालच्यासाठी तेवढ्यापुरता एक नवीन आवाज उघडला. फाटा संपल्यावर ‘आता एकच आवाज’ हा हुकूम विसरायचा नाही. मी विसरलो होतो, पुढच्या सगळ्या सुरांच्या काड्या वरच राहिल्या.

मग काकाजी म्हणाले, “माह्या कामाचं काय? मले त हे आळ्या-किडेच दिसून रायले.” त्यांच्यासाठी सुरांच्या खाली गाण्याच्या शब्दांसारखं सारेगम टाकलं. देवनागरी नीट उमटलं, त्याची मला धास्ती होती. पण अक्षरं सुरांखाली राहीनात. कमानीखाली फक्त पहिलं अक्षर यायचं, पुढचं अक्षर कमान संपल्यावरच्या सुराखाली, आणि ओळीच्या टोकाला पाच-सहा अक्षरं बेवारस.

याचा राग करता येत नाही, कारण सॉफ्टवेअरचं बरोबर आहे. गाण्यात कमान म्हणजे एकच अक्षर अनेक सुरांवर ओढणं, भजनात आपण आकार लावतो तसं. त्यामुळे कमान दिसली की ते अक्षर पुढे सरकवत नाही. मला प्रत्येक सुराला त्याचं नाव हवं होतं. त्यासाठी ‘मेलिस्मा बिझी प्रॉपर्टीज’ नावाची एक यादी असते, कशाकशाला ओढलेलं अक्षर समजायचं याची. ती सुरांच्या आवाजात रिकामी करून टाकली. सारेगम जागच्या जागी आलं. उलट्या तिरप्या रेघेसकट कंस लिहिला तर वाक्यांशाची मोठी कमान मिळते आणि ती अक्षरांना हात लावत नाही, हे नंतर वाचलं. पण ती कमान वेगळ्या कामाची, म्हणून बदललं नाही.

कमानींचा आकार सुधारणं सोपं निघालं. कमान वर की खाली हे एका शब्दात सांगता येतं. फारच वेडीवाकडी आली तर तिचे चार बिंदू असतात, ते आकड्यांनी इकडेतिकडे हलवायचे. तारसप्तकातल्या ‘सां’वरची कमान मी अशी अर्धा तास हलवली आणि शेवटी होती तशीच बरी वाटली.

आता दोन्ही पानं भाच्याच्या स्टँडवर आहेत आणि ‘प’वर जीभ पडते. दुसऱ्या पानावर शेवटून तिसरी कमान अजून एक सूर आधी सुरू होते. मजकुरात दुरुस्त केली, कागदावर नाही. प्रिंट काढायला आर्वीला जावं लागतं आणि एका कमानीपायी पेट्रोल जाळायला काकाजी तयार नाहीत. त्यांनी पेनानेच ती खोडली आणि वर मोठ्ठा ‘प’ लिहून ठेवला.