बाबांचे खाते बदलले त्या वर्षी

बाबांचे पणजीतले बँक खाते माझ्या जन्माच्या आधीचे. तेव्हा ते सावईवेऱ्याहून अननस आणि केळी घेऊन पणजीच्या मार्केटात जायचे. विक्रीचे पैसे खिशात घेऊन रात्रीच्या बसने परत येण्यापेक्षा तिथेच भरावेत, म्हणून ते उघडलेले. आता बाबा अडुसष्टचे आहेत. गुडघे धरतात, बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. गावाजवळच दुसऱ्या एका बँकेची शाखा आहे, रिक्षाने दहा मिनिटे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी म्हापशाहून दोन दिवस माहेरी गेले, तिथे त्यांचे नवीन खाते उघडले, आणि जुन्यातली जवळजवळ सगळी रक्कम त्यात वळती केली. मला वाटले, काम झाले.

पाच मार्चला भावाच्या स्कूटरचा हप्ता परतला.

कर्ज भावाच्या नावाचे, पण हप्ता बाबांच्या खात्यातून जायचा. भावाने दोन वर्षांपूर्वी कागदावर बाबांची सही घेतली होती. त्या कागदाला मँडेट म्हणतात. 'या बँकेतल्या या क्रमांकाच्या खात्यातून दरमहा इतके रुपये काढा' अशी ती परवानगी, आणि तिच्यावरून नॅच नावाच्या यंत्रणेतून हप्ता कापला जातो. आपण बँक बदलली हे त्या परवानगीला कळत नाही. तिच्यात जुन्याच खात्याचा क्रमांक लिहिलेला असतो. जुन्या खात्यात शिल्लक नव्हती, म्हणून बँकेने ५०० रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असे ५९० कापून घेतले. कर्ज देणाऱ्या कंपनीने आपला दंड वेगळा लावला. नवे मँडेट नोंदवायला तीन आठवडे गेले. एप्रिलचा हप्ताही जुन्यातूनच जाईल हे धरून आम्ही तिथे पैसे परत भरले, आणि नव्या खात्यातून पहिला हप्ता गेलेला दिसल्यावरच जुने मँडेट रद्द करायला सांगितले.

तेव्हापासून मी हे प्रकरण मनावर घेतले. जुन्या पासबुकात वर्षभराच्या एंट्र्या मारून आणल्या आणि ओटीवर बसून एकेक ओळ बाबांना विचारत गेले. हे कुणाचे? हे कशाचे? पानभर निघाले. एलआयसीचा वार्षिक हप्ता, फोंड्याच्या बागायतदार संस्थेकडून सुपारीचे आलेले पैसे, पीएम किसान, आईच्या नावावरच्या मुदतठेवीचे व्याज, आणि मे महिन्याच्या शेवटी गेलेले वीस रुपये.

हे वीस रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघाती मृत्यू झाला तर दोन लाखांचे संरक्षण, वयाच्या सत्तर वर्षांपर्यंत. एक जून ते एकतीस मे असे तिचे वर्ष असते आणि हप्ता खात्यातून आपोआप जातो. बाबा अजूनही पावसाळ्यात कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, उतरतात. शेवाळलेल्या पायऱ्या, पाटाचे पाणी, वरून पडणारी झावळी. त्यांच्यासाठी हा विमा रुपयांत मोजण्याजोगा नाही. ज्या खात्याला तो जोडलेला ते खाते बंद झाले, किंवा हप्त्याच्या वेळी त्यात शिल्लक नसली, की संरक्षण संपते. घरी येऊन कुणी तसे सांगत नाही. मी मार्चमध्येच जुने खाते बंद केले असते, तर जूनपासून बाबा विम्याविना कुळागरात उतरले असते आणि आम्हा कुणालाच ते माहीत नसते. शेजारच्या घरांत पाहिले तर कित्येकांना आपल्या खात्यातून हे वीस रुपये जातात याचाच पत्ता नव्हता. पन्नाशीच्या आतल्यांनी सोबत ४३६ रुपयांची जीवनज्योती ही आयुर्विम्याची योजनाही पाहावी. तीही त्याच दिवसांत कापली जाते.

जाणारे पैसे निदान पासबुकात शोधता येतात. येणाऱ्या पैशांचे तसे नाही. ते पाठवणाऱ्याकडे आपला क्रमांक कुठल्या वहीत, कुठल्या संगणकात पडून आहे ते आपल्याला दिसत नाही.

बागायतदार संस्थेचे काम सोपे गेले. रद्द केलेला चेक आणि अर्ज दिला, पुढच्या वेळचे सुपारीचे पैसे नव्या खात्यात. वहिनीच्या अननसांचे मात्र अवघड झाले. बाणस्तारीच्या बाजारात ती बसते तिथे तिने स्कॅनर लावला होता, बाबांच्या जुन्या खात्याचा, प्लास्टिकमध्ये घालून. नवा आणून लावला, तरी नेहमीची गिऱ्हाइके फोनमध्ये आधीचेच नाव काढून पैसे टाकत राहिली. मे संपेपर्यंत जुन्या खात्यात पन्नास, ऐंशी, दोनशे असे पैसे येत होते. खाते उघडे होते म्हणून ते आमच्यापर्यंत पोचले.

सगळ्यांत जास्त शिकवले ते पीएम किसानने. दोन हजारांचा हप्ता, वर्षातून तीनदा. नव्या बँकेत खाते उघडताना बाबांचे आधार घेतले, बोटांचे ठसे घेतले, आणि काउंटरवर सांगितले, "आधार लिंक झाले." आम्ही निर्धास्त. उन्हाळ्यानंतरचा हप्ता गावात सगळ्यांना आला, बाबांच्या नव्या पासबुकात काहीच नाही. रोज संध्याकाळी फोन, "बाय, पयशे आयले मगो?" बाबांना दोन हजारांची अडचण नव्हती. पण आपले नाव यादीतून गेले की काय, हा घोर त्यांना लागला होता.

हप्ता आला होता, जुन्या खात्यात. खात्याच्या केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार जोडणे वेगळे, आणि सरकारी अनुदान त्या खात्यात यावे म्हणून आधार सीड करणे वेगळे. आधार क्रमांकावर पाठवलेले पैसे कुठल्या बँकेकडे न्यायचे, याची एक यादी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे असते. तिला मॅपर म्हणतात. एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव असते. त्या यादीत बाबांच्या आधारासमोर अजून जुनीच बँक होती. ते नाव बदलायला नव्या बँकेत वेगळा संमतीचा फॉर्म द्यावा लागतो, आधी कुठल्या बँकेशी जोडलेले होते ते त्यात लिहावे लागते. आम्हाला तो फॉर्म कुणी दिलाच नव्हता. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी 'लिंक' हा शब्द वापरलाच नाही. "डीबीटीसाठी सीडिंग करायचे आहे," असेच म्हटले, आणि फॉर्म लगेच समोर आला. डीबीटी म्हणजे सरकारी अनुदान थेट खात्यात जमा होणे. मग माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहून खात्री केली. स्मार्टफोन नसेल तर आधारला जोडलेल्या नंबरवरून *९९*९९*१# लावूनही ती कळते. गॅसचे अनुदानही ह्याच वाटेने येते, तेव्हा आईचेही तपासून घेतले.

राज्य सरकारच्या योजनांचे त्या त्या सरकारी खात्याला निराळे कळवावे लागते. शेजारच्या काकीने विचारले म्हणून लिहिते: गृहिणींना मिळणाऱ्या गृह आधारसाठी महिला व बालविकास संचालनालय, म्हाताऱ्यांना वगैरे पेन्शन देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी समाजकल्याण खाते. एकाला सांगितले म्हणजे दुसऱ्याला कळले असे होत नाही.

माझा मावसभाऊ ब्रिटनमधल्या स्विंडनला असतो. तिथे आपले गोंयकार पुष्कळ आहेत. त्याला हे सगळे सांगितले तर त्याला खरेच वाटेना. ब्रिटनमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे की नव्या बँकेला एकदा सांगायचे, सात कामाच्या दिवसांत ती जुन्या खात्यातले सगळे देणे-घेणे आपल्याकडे ओढून घेते, आणि कुणी चुकून जुन्या क्रमांकावर पैसे पाठवले तर तेही नव्याकडे वळतात. बाबांसाठी ते काम मी केले, हातात वही घेऊन. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे उपगव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये खाते क्रमांक तोच ठेवून बँक बदलता यावी, असे बोलून दाखवले होते. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तसे. मला ते मनापासून हवे आहे. ज्या घरात वही घेऊन बसणारे कुणी नाही, तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचे? सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात विलीन झाली, आणि पुढल्या वर्षी तिचे जुने आयएफएससी कोड, म्हणजे पैसे पाठवताना लागणारे शाखेचे क्रमांक, बंद झाले. त्या लोकांनी तर बँक बदलायचे ठरवलेही नव्हते.

ऑगस्टमध्ये आणखी एक गोष्ट वर आली. मेच्या अखेरीस पंप दुरुस्त करणाऱ्याला बाबांनी जुन्या खात्याचा चेक दिला होता, सवयीने. त्याने तो अडीच महिने ठेवून मग टाकला. चेक तीन महिने चालतो, त्याचे काही चुकले नाही. खाते बंद असते तर चेक 'खाते बंद' शेऱ्यासह परत गेला असता, आणि तसा परतलेला चेकही कलम १३८ खाली, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यात, येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगून ठेवले आहे. तीस वर्षे ओळख असलेल्या माणसासमोर बाबांना मान खाली घालावी लागली असती. उरलेले कोरे चेक त्याच दिवशी मी माझ्या पर्समध्ये टाकले.

म्हणून मला कुणी विचारले तर मी सांगते, नवे खाते उघडल्यावर जुने पूर्ण एक वर्ष चालू ठेवा, किमान शिल्लक आणि वर दोन-तीन हजार ठेवून. खर्च होतो, होऊ द्या. वर्षातून एकदाच होणारे व्यवहार आपापल्या महिन्यातच दिसतात. एलआयसीचा हप्ता आमचा जानेवारीत आला, आणि तो आला तेव्हाच कळले की नव्या खात्याचा फॉर्म भरूनही मँडेट जुनेच राहिले होते.

या मार्चमध्ये आम्ही पणजीला गेलो. बाबांना मी गाडीने नेले. आधीच दहा वर्षांचे स्टेटमेंट काढून ठेवले होते, कारण खाते बंद झाल्यावर ते घरबसल्या मिळत नाही. कोरे चेक, कार्ड आणि पासबुक दिले. पासबुक परत मिळेल का, असे बाबांनी विचारले. रद्दचा शिक्का मारून त्यांनी ते दिले. अर्जात एक रकाना होता, खाते बंद करण्याचे कारण. मी पेन घेणार इतक्यात बाबांनी ते घेतले आणि सावकाश, मराठी शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिले, 'लांब पडते.'